वर झाड, खाली खुर्ची

वैजू,

तुझ्यासाठी खुर्ची करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. तुला जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. नफीसाचा फोन आला. "भैया, आप तो कन्स्ट्रक्शन लाइन में हैं, कोई अच्छा कारपेंटर जानते होंगे." तुझ्या स्टुडिओतल्या लोकांना शोकसभेत हार घातलेला फोटो नको होता. त्यांना स्टेजवर ती खुर्ची हवी होती. तुझ्या पुस्तकातली. तशीच वाकडी आणि तशीच रिकामी. शिवाय भाऊ म्हणून मी दोन मिनिटं बोलावं, असंही त्यांचं म्हणणं होतं.

खुर्चीला मी लगेच हो म्हटलं. बोलायला थोडा विचार करून हो म्हटलं, आणि तो विचार काय होता ते तुला सांगून टाकतो. त्या दोन मिनिटांत मी सगळ्यांसमोर सांगणार होतो, की ही खुर्ची मुळात रिकामी नव्हतीच. ती माझ्या वाक्यातली खुर्ची होती. वाक्य मराठी होतं, ते तू हिंदीत वाचलंस, म्हणून खुर्ची रिकामी झाली. घरात हे मी इतकी वर्षं सांगत आलो. एकदा बाहेर सांगायचं होतं.

शोकसभेत असं कोणी बोलत नाही, हे मला कळतं. पण मला तुझा हेवा वाटायचा, आणि तू गेलीस की तो आपोआप संपेल असा माझा अंदाज होता. माझे अंदाज सहसा चुकत नाहीत. नकाशा बघून किती वीट आणि किती सळई लागेल हे काढण्याचाच मी पगार घेतो. हा अंदाज मात्र साफ चुकला. तू गेल्यावर तुझ्या घरी जी माणसं आली त्यांच्याकडे बघून तो हेवा वाढलाच. गुडगावहून एक बाई आल्या होत्या, निळी साडी, हातात तुझं पुस्तक. त्यांचा मुलगा बोलायला उशिरा लागला आणि त्याचा पहिला शब्द तुझ्या पुस्तकातून आला, असं त्या सांगत होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आप उन्हें जानते थे क्या?"

तुला बोट धरून चालायला मी शिकवलं. मी म्हटलं, "हाँ जी, थोड़ा-बहुत."

नफीसा संध्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि मी लोकांना पाण्याचे ग्लास देत होतो. तुझी सख्खी वहिनी तुझ्या सहकारी बाईला धीर देतेय, आणि सख्खा भाऊ ट्रे घेऊन उभा आहे. मला नफीसाच्या रडण्याचासुद्धा हेवा वाटला. इतकं मोकळं रडण्याएवढं तुझं काय तिच्याकडे होतं, जे माझ्याकडे नव्हतं? आणि लहान असून माझ्या आधी गेलीस. तिथंही रांग मोडलीस.

*

सरोजिनी नगरच्या क्वार्टरपासून सुरुवात करतो, कारण खुर्ची तिथली आहे.

बाबांची बदली पुण्याहून दिल्लीला झाली तेव्हा मी सातवीत होतो, आणि तू अजून धड वाक्य बोलत नव्हतीस. म्हणजे माझं मराठी पुण्यात पक्कं झालं आणि तुझं दिल्लीत कच्चं राहिलं. बाबांनी एक दिवस मला बोलावून सांगितलं, "हिचं मराठी तुझ्यावर सोडतो." बाबांनी माझ्यावर सोडलेलं हे एकमेव काम, आणि मी ते मनापासून केलं. तू म्हणायचीस, "दादा, बाटली खाली आहे." मी म्हणायचो, "खाली म्हणजे कुठे? पलंगाखाली?" तू पलंगाखाली वाकून बघायचीस. मग मी सांगायचो, मराठीत बाटली रिकामी असते. खाली म्हणजे वरच्या उलट. तू मान हलवायचीस, आणि दुसऱ्या दिवशी डबा खाली व्हायचा.

क्वार्टरच्या मागे शहतूतचं झाड होतं. मराठीत त्याला तुती म्हणतात, पण आपल्या घरातसुद्धा ते शहतूतच राहिलं. रविवारी सकाळी बाबा आपली वेताची खुर्ची त्या झाडाखाली नेऊन पेपर वाचत बसायचे. पिकलेली फळं पेपरवर पडायची आणि बातम्यांवर जांभळे डाग व्हायचे. तू वर असायचीस. झाडावर चढायची तुला कोणी परवानगी दिली होती कोण जाणे, मला तरी नव्हती. मी पडलो तर अभ्यास बुडेल, असं आईचं म्हणणं. त्यामुळे मी खाली, दोन्ही हात पसरून, तू पडलीस तर झेलायला.

एकदा आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली, "वैजू, आधी खाली ये."

तू वरून म्हणालीस, "मी खाली नाहीये. माझं पोट भरलंय."

बाबांनी पेपर बाजूला केला आणि पोट धरून हसले. सोमवारी त्यांनी हे ऑफिसात सांगितलं, संध्याकाळी शेजारच्या चोप्रांना हिंदीत समजावून सांगितलं. मी त्या वर्षी वर्गात पहिला आलो होतो. ते त्यांनी चोप्रांना सांगितल्याचं मला आठवत नाही.

हा किस्सा मी विसरलो नव्हतो. पण त्याचा अर्थ काय होतो याचा हिशोब मी कधी केला नाही. तो पुढे येईल.

*

रेष माझी चांगली होती, हे तूसुद्धा कबूल करायचीस. पट्टीशिवाय मी सरळ रेघ ओढायचो. ती बाबांनी कौतुकाने बघितली आणि मला सिव्हिलच्या डिप्लोमाला घातलं. तुझी रेष शेवटपर्यंत थरथरती राहिली आणि तुला आर्ट कॉलेजात घातलं. यात काय न्याय होता ते मला अजून सापडलेलं नाही.

सुरुवातीला मला बरं वाटायचं, हेही खरं. तू शाळेच्या पुस्तकांसाठी आंबे आणि ट्रॅफिक पोलीस काढत होतीस. मग टीव्हीच्या जाहिरातींसाठी बिस्किटं नाचवायला लागलीस. पुण्याचे नातेवाईक विचारायचे, वैजू काय करते, तर मी सांगायचो, बिस्किटं नाचवते. तू ऐकलंस तेव्हा चिडली नाहीस. म्हणालीस, "दादा, बिस्किटाला गुडघा कुठे असतो ते ठरवायला मला आठवडा लागला. तुझ्या बिल्डिंगला गुडघा नसतो म्हणून तुझं सोपं आहे."

मग गार्गी झाली. माझी मुलगी, पण ती पण दिल्लीची. दोन वर्षांची झाली आणि एक दिवस मला म्हणाली, "बाबा, कप खाली." मी टेबलाखाली बघितलं. कप टेबलावरच होता, रिकामा. मला वाटलं, हे परत सुरू झालं. म्हणून तिच्यासाठी मी चार ओळी केल्या. कविता वगैरे नव्हे. वर आणि खाली शिकवायचं साधन.

वर आभाळ, खाली पतंग.
वर पतंग, खाली झाड.
वर झाड, खाली खुर्ची.
खुर्चीत बाबा, पेपर वाचत.

गार्गीला ते इतकं आवडलं की तिनं तुला म्हणून दाखवलं. तू जेवायला आली होतीस. तोंडातला घास तसाच ठेवून म्हणालीस, "दादा, हे मला दे ना. याचं पुस्तक करते." मी म्हटलं, घे. इतक्या सहज म्हटलं, की काय दिलं ते कळायला वेळ लागला.

त्या थंडीत बाबा गेले. तू चित्रं त्यानंतर केलीस.

पुस्तक छापून आलं तेव्हा मी ते उभ्यानंच उघडलं. आभाळ ठीक होतं, पतंग ठीक होता. तिसऱ्या ओळीला तू दोन पानं दिली होतीस, आणि त्या दोन पानांवर एक खुर्ची. बाकी काहीच नाही. झाड नाही, जमीन नाही. कोपऱ्यात एक भलंमोठं पान, आणि मधे रिकामी खुर्ची. चौथी ओळ गाळलेली. पुस्तक तिथंच संपत होतं.

ज्या शब्दाचा अर्थ शिकवायला मी ते लिहिलं होतं, नेमका त्याच शब्दाचा तू चुकीचा अर्थ काढला होतास. खाली खुर्ची. रिकामी खुर्ची. मी तुला त्याच दिवशी फोन केला.

"वैजू, खाली म्हणजे रिकामी नाही."

"अच्छा?"

"लहानपणापासून सांगतोय. आणि लिहिलंय वर झाड. झाड कुठे आहे?"

"आहे की झाड."

"कुठे?"

"तू नीट बघ ना, यार. वरून बघ."

मला वाटलं, पहिल्या पानापासून बघ म्हणतेस. मी पहिल्या पानापासून बघितलं. झाड नव्हतं.

"आणि खुर्चीचे पाय बघ. खाली जाता जाता एकमेकांच्या जवळ येतायत. बैठक एवढी मोठी, पाय एवढेसे. ही खुर्ची उभीसुद्धा राहणार नाही."

"तिला उभं कशाला राहायचंय, दादा? बसायला आहे ती."

तू हसत होतीस आणि मी नव्हतो.

*

लोकांना ती रिकामी खुर्चीच आवडली. पुस्तकाचं हिंदी झालं, बंगाली झालं, आणखी कुठल्या कुठल्या भाषांत गेलं. हिंदीत तर "खाली कुर्सी" बरोबरच झालं. तुझी चूक भाषांतरात आपोआप दुरुस्त झाली आणि माझं मूळ वाक्य चुकीचं ठरलं. मुखपृष्ठावर तुझं नाव मोठं. आतल्या पानावर 'शब्द' असं लिहून पुढे माझं, चष्मा लावून वाचावं लागेल एवढं. शाळांमधून तुला मुलांची चित्रं यायची, प्रत्येकात एक खुर्ची, आणि प्रत्येकानं तिच्यावर आपलं कोणीतरी बसवलेलं. आजोबा, कुत्रा, गावाला गेलेली मैत्रीण. ती चित्रं तू मला दाखवायचीस आणि मी म्हणायचो, "बघ, पोरांनाही कळतं की खुर्चीत कोणीतरी हवं." तू म्हणायचीस, "बिल्कुल." वाद घालायचीच नाहीस. त्याचाच मला जास्त राग यायचा.

मग तू त्याची फिल्म केलीस. पाचेक मिनिटांची, पण तुझा आणि नफीसाचा अख्खा हिवाळा त्यात गेला. हीटर लावून बसलेल्या तुम्हा दोघींना मी डबा द्यायला आलो होतो ते आठवतं? तेव्हा तू पान पडतानाची चित्रं काढत होतीस. कागदावर पान, त्याच्यावर दुसरा कागद, खालून दिवा, पुन्हा तेच पान केसभर सरकलेलं. एका सेकंदाला बारा चित्रं, आणि पान पडायला नऊ सेकंद. मी लगेच गुणाकार केला.

"तीन सेकंदात पाड. दोन तृतीयांश काम वाचेल."

"पान तीनच सेकंदात पडतं, दादा. पडलं हे कळायला नऊ लागतात."

नफीसानं हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवलं. मी जे म्हटलं ते कोणी भिंतीवर लिहिलं नाही, आणि हिशोब माझाच बरोबर होता.

फिल्म बघताना मी आणखी एक चूक काढली. पान खाली येता येता लहान होत जात होतं. सुरुवातीला हाताएवढं, खुर्चीवर पडेपर्यंत नखाएवढं. मी म्हटलं, पडणाऱ्या वस्तूचा आकार बदलत नाही. तू नफीसाकडे बघितलंस, नफीसानं तुझ्याकडे, आणि दोघी कामाला लागलात. तू फक्त म्हणालीस, "वरून बघ, दादा." मला वाटलं, पुन्हा पहिल्यापासून लाव म्हणतेस.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात मी खोलीत आलो आणि उभाच राहिलो. तू म्हणालीस, "खाली बस ना."

मी म्हटलं, "खाली म्हणजे? जमिनीवर की रिकामा?"

तू हसलीस, मग त्या हसण्यानं तुला खोकला आला, नर्स माझ्यावर रागावली. ते आपलं शेवटचं बोलणं म्हणायला हरकत नाही. त्यानंतर होतं ते औषधांचं. माझ्याकडे त्या वादातलं आणखी बरंच शिल्लक होतं.

*

तर खुर्ची. सुताराला नुसतं चित्र देऊन चालत नाही, मापं द्यावी लागतात. म्हणून मी जेवणाच्या टेबलावर तुझं पुस्तक उघडं ठेवलं, त्यावर ट्रेसिंग पेपर लावला आणि तुझी खुर्ची गिरवायला घेतली. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या रेषेवरून माझी पेन्सिल फिरली. तुझी रेष थरथरते असं मी कायम म्हणत आलो. गिरवताना कळलं, ती थरथरत नाही. ती प्रत्येक ठिकाणी थांबून बघते आणि मग पुढे जाते.

मला हवं होतं ते वाकडेपणाचं माप. कुठला पाय किती कलला आहे, ते आकड्यात. म्हणून मी चारही पायांच्या रेषा पट्टीनं खाली वाढवल्या. कागद संपला. दुसरा जोडला. तोही संपला, मग संध्याच्या टेबलक्लॉथवर आलो.

"अहो, पेन्सिल जात नाही त्याच्यावरची," संध्या म्हणाली. मग स्वतःच कापडाचा कोपरा ताणून धरला.

चारही रेषा एका जागी येऊन मिळाल्या. रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या नेमक्या.

वैजू, चुकलेल्या रेषा एका बिंदूत मिळत नाहीत. चुका चार दिशांना जातात. उंच इमारतीच्या गच्चीवरून वाकून बघितलं तर तिच्या भिंती अशा खाली जवळ येत जातात, हे मला पाठ आहे. फक्त आमच्या धंद्यात वस्तू समोरून, बाजूनं आणि डोक्यावरून सरळ बघतात. तिरकं बघायला आम्हाला कोणी सांगत नाही, त्यामुळे मी कधी बघितलं नाही. तुझी खुर्ची वाकडी नव्हती. ती वरून दिसणारी, चार सारख्या पायांची साधी खुर्ची होती. शहतूतच्या फांदीवर बसून दिसते तशी. म्हणून बैठक मोठी आणि पाय लहान. म्हणून कोपऱ्यातलं पान भलंमोठं, ते तुझ्या नाकासमोर होतं. म्हणून पडता पडता ते लहान झालं. आणि झाड चित्रात नव्हतं, कारण पुस्तक उघडणाऱ्याला तू झाडावरच बसवलं होतंस.

वर झाड, खाली खुर्ची. तू माझं वाक्य शब्दाला शब्द धरून काढलं होतंस. आणि तेवढ्यावर थांबली नव्हतीस. हिंदीतला अर्थही त्यात बसवला होतास, कारण तोवर बाबा गेले होते. ज्या मुलीनं झाडावरून "मी खाली नाहीये, माझं पोट भरलंय" म्हटलं होतं, तिला दोन्ही अर्थ पाच वर्षांची असतानाच कळत होते. मला हे त्याच दिवशी कळायला हवं होतं. पण मी बाबा कोणाकडे बघून हसतायत ते बघत होतो.

मी नफीसाला फोन लावला. म्हटलं, ती खुर्ची वरून काढलेली आहे.

"हाँ भैया, टॉप एंगल है." ती गोंधळली. "सबको पता है. आपको नहीं पता था?"

मी टेबलक्लॉथवरच्या त्या बिंदूवर बोट ठेवलं.

"दीदी ने मना किया था," तीच म्हणाली. "मैंने दो-तीन बार कहा, भैया को बता दो ना. कहती थीं, दादा के पास मेरी एक ही गलती बची है, रहने दे."

फोन ठेवल्यावर मी टेबलावरचा पसारा आवरला नाही. संध्यानं ताट बाजूच्या खुर्चीवर ठेवून दिलं. तुझे आभार मानावेत की तुझ्याशी भांडावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. इतकी वर्षं तू मला जिंकू दिलंस. लहान मुलाला पत्त्यात जिंकू देतात तसं. तुझ्याकडे झाड होतं, बाबांचं हसणं होतं, रेष होती, गार्गीची आवडती आत्या होतीस, देशभरच्या पोरांची खुर्ची होती. माझ्याकडे एकच गोष्ट होती: मराठी माझं बरं आणि तुझं कच्चं. तेही तुझ्याकडेच होतं, आणि तू ते माझ्याकडे राहू दिलं होतंस. याचा हेवा कसा करतात, ते मला माहीत नव्हतं. शिकलो.

आणि आणखी एक. मी त्या रविवारी कायम समोर उभा असायचो. समोरून बाबा म्हणजे पेपर. दोन हातांची बोटं आणि पेपर. पेपरच्या मागचा चेहरा तुला वरून दिसत असणार. कुठल्या बातमीला ते भुवया उंचावतात, पेपर धरून नुसतेच किती वेळ बसतात, डुलकी कधी लागते. हे मी तुला कधी विचारलं नाही. आता कोणाला विचारू?

*

कीर्ती नगरच्या सुतारानं चित्र बघितलं आणि म्हणाला, "साब, ये तो खड़ी नहीं होगी." मला तो माणूस फार ओळखीचा वाटला. मी माझं ड्रॉइंग पुढे केलं, समोरून, बाजूनं, डोक्यावरून, सगळे पाय सारखे. "ऐसी बनाओ. सीधी."

गेल्या रविवारी करोल बागेतल्या हॉलमध्ये मी ती टेम्पोतून आणली तेव्हा नफीसाचा चेहरा पडला. "भैया, ये तो सीधी है."

"हाँ. होने दो."

मी ती स्टेजवर चढवली नाही. स्टेजच्या पुढे खाली मोकळी फरशी होती, तिथं ठेवली. त्या हॉलला मागे लाकडी गॅलरी आहे, जिना अरुंद आहे, माझा गुडघा तुला माहीत आहे. बिस्किटाला नसला तरी मला आहे. कठडा धरून वर गेलो. तुझ्या पुस्तकाएवढ्या उंचीवर यायला मला एवढा वेळ लागला.

वाकून बघितलं. पाय खाली जवळ आले होते. बैठक मोठी झाली होती, वेताची वीण स्पष्ट दिसत होती. हाताच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना जराशा उघडल्या होत्या, कोणी आत्ताच उठून गेल्यासारख्या. तुझी खुर्ची होती. मापात एक रेषही इकडची तिकडे नव्हती. मी तिथं जरा जास्तच वेळ उभा राहिलो असणार, कारण नफीसा मागून आली आणि माझ्या शेजारी कठड्यावर हात ठेवून उभी राहिली. या वेळी ती रडत नव्हती. माझं मला सांगता येणार नाही.

माझी दोन मिनिटं मी तिथूनच घेतली. म्हटलं, मला बोलायचं काही नाही, ज्यांना जिना चढवतो त्यांनी वर येऊन बघा. माणसं आली, पाचपाच, सहासहा. मुलं आधी. एक मुलगी कठड्याच्या गजांतून बघत म्हणाली, "अरे, ये तो वही वाली है." तिला ते लगेच कळलं.

शेवटी त्या निळ्या साडीवाल्या बाई आल्या, गुडगावच्या, तुला मी ओळखत होतो का असं विचारणाऱ्या. त्यांनी खूप वेळ खाली बघितलं. बाकी सगळं सभागृह भरलेलं आणि मधे तेवढी एक जागा मोकळी. मला म्हणाल्या, "कुर्सी खाली क्यों रखी है, भाईसाहब?"

हिंदीत विचारलं होतं. मी मराठीत ऐकलं. उत्तर दोन्हीकडे एकच होतं.

"किताब में यही लिखा है."

"किसने लिखा है?"

वैजू, याच प्रश्नासाठी मी त्या दोन मिनिटांना हो म्हटलं होतं. भाषण तयार होतं, खिशात होतं. ते खिशातच राहिलं.

"लिखा मैंने है," मी म्हटलं. "पढ़ा उसने है."

वाक्यात मी स्वतःला आधी ठेवलं, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. राहू दे.